चार टक्के

मानसिंग डाबेरावचं पत्र मला अकरा वर्षांपूर्वी आलं. वहीचं रेघांचं पान, निळी शाई, आणि अक्षर माझ्या अक्षरापेक्षा सरळ. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

लिहायला बसलोच नाही असं नाही. चारदा बसलो. 'प्रिय' म्हणावं की 'श्री.' म्हणावं इथे पहिल्यांदा अडलो. दुसऱ्यांदा मायना जमला, पण पुढचं वाक्य जमेना. तिसऱ्यांदा पेनातली शाई वाळलेली निघाली. चौथ्यांदा काय झालं ते आठवत नाही, म्हणजे काहीच झालं नसावं. मी तेव्हा सातपिंपरीच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होतो. भित्र्या माणसाला पुस्तकांमागे बरं वाटतं. कोणी काही विचारलं तर बोट दाखवायला कपाट असतं.

आता मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. निवृत्तीनंतर काही वर्षं घरात वाचत बसलो, मग ॲडव्होकेट प्रणिता मेश्राम यांच्या जामीन साहाय्य केंद्रात जाऊ लागलो. गावात त्याला सुटका केंद्र म्हणतात. कोर्टाने जामीन दिलेला असतो, पण जामीनदार मिळत नाही, म्हणून माणूस तुरुंगातच राहतो. अशांसाठी हे केंद्र. जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, पत्त्याचा पुरावा लागतो, आणि हा माणूस तारखेला हजर राहील असा भरवसा लागतो. केंद्र जामीनदार शोधतं, सुटलेल्याला राहायला खोली देतं, तारखांची आठवण करतं, काम मिळवून देतं. मी अर्ज लिहितो. समोर बसलेल्या माणसाशी बोलणं मला जमत नाही. सरकारशी जमतं, कारण सरकार समोर बसलेलं नसतं.

यंदा सगळं एका अर्जावर आलं होतं. केंद्र सरकारच्या स्थानिक न्याय निधीतून आमचं काम चाले, आणि त्याची मुदत मार्चअखेर संपत होती. नवा अर्ज मंजूर झाला नाही तर एक एप्रिलपासून खोल्या बंद, आणि आमच्या यादीतली एक्केचाळीस माणसं आतच. जामीन मिळालेली माणसं. कोणी आठ महिने, कोणी तीन वर्षं.

यादीत सतरावं नाव मानसिंग डाबेराव. ते मीच टाइप केलं होतं. मी त्याला ओळखतो हे केंद्रात कोणाला माहीत नव्हतं.

*

पूर्वी असे अर्ज दिल्लीत माणसं वाचायची. भाषा चांगली असली की अर्ज थोडा पुढे सरकायचा, त्यामुळे मलाही थोडी किंमत होती. मग प्रतिजिल्हा आला.

कल्पना हवामान खात्याची आहे. आकाशाचे लहान लहान चौकोन करायचे, प्रत्येकात आज किती ऊन, किती वारा, किती दमटपणा ते भरायचं, आणि एका चौकोनाचा शेजारच्यावर काय परिणाम होतो याची गणितं यंत्राकडून सोडवून घ्यायची, की उद्याचं आकाश आजच दिसतं. काही शास्त्रज्ञांनी चौकोनाच्या जागी माणूस ठेवला. कोर्ट, शाळा, दवाखाना, रेशन, पोलीस ठाणं, सगळीकडच्या नोंदी एकत्र करून जिल्ह्यातल्या प्रत्येकाची एक आकड्यांची पडछाया बनवली. पडछायेला चेहरा नसतो. अमुक परिस्थितीत ती काय करेल याच्या फक्त शक्यता असतात. कोण कोणाशेजारी राहतं, कोण कोणाचं ऐकतं, हे धागेही असतात. तेरा लाख पडछायांचा आमचा प्रतिजिल्हा दिल्लीजवळच्या कुठल्यातरी गार खोलीत राहतो.

अर्ज आला की तो तिथे लावून बघतात. प्रतिजिल्ह्यात आमचं केंद्र उघडतं, यादीतल्या पडछाया सुटतात, पाच वर्षं जातात. आपल्याकडे तोवर बारा मिनिटं झालेली असतात. हे हजार वेळा होतं, दर वेळी थोडा फरक करून. कधी पीक बुडतं, कधी कोणाचा बाप जातो, कधी कोणाला भला मालक भेटतो. किती जण तारखेला हजर राहिले आणि किती पुन्हा आत गेले, यावरून शंभरपैकी एक आकडा निघतो. त्याला फलांक म्हणतात. साठ किंवा वर असेल तर निधी.

चौसष्ट जिल्ह्यांत आधी पाच वर्षं पडताळणी झाली होती. यंत्राचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांत शंभरात तिनाचा फरक आला. मला त्यात खोट काढता आली नाही, आणि मी तसा प्रयत्न केला होता. जात, जमात, वस्ती हे रकाने त्यात ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. मला ते फार सभ्य वाटलं होतं.

अंतिम अर्जाआधी तीन चाचण्या घेता येतात. आमच्या जिल्ह्याला चाचण्यांसाठी नेमका मुदतीचाच दिवस मिळाला. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच.

*

"बावन्न," प्रणिताताई म्हणाल्या.

त्या पडद्यासमोर बसल्या होत्या, मी त्यांच्या मागे उभा होतो. त्या पंचेचाळिशीच्या. कोर्टात आवाज चढवतात, केंद्रात कधी नाही.

"काही चुकलं असेल माझं," मी म्हणालो. "उद्दिष्टांचा परिच्छेद मी पुन्हा लिहितो."

"सर, ते उद्दिष्टं वाचतच नाही हो. माणसं मोजते ते." त्यांनी ओढीचा तक्ता उघडला. यादीतला कोण फलांक वर नेतो आणि कोण खाली ओढतो, ते त्यात दिसतं. बहुतेकांसमोर अर्धा, पाव असे आकडे होते. सतराव्यासमोर उणे बारा.

"हा एकटा बारा खाली ओढून राहिला? बाप्पा! केलं काय यानं?"

मी छापील यादी त्यांच्यापुढे सरकवली.

"सोलर पंपाचा कंट्रोलर चोरल्याचा आरोप आहे फक्त. तोही सिद्ध नाही. जामीन होऊन चौदा महिने झाले." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "काढून बघू एकदा. फक्त बघू."

सतरा काढून दुसरी चाचणी लावली. बारा मिनिटं आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बाकावर मानसिंगची बायको रेशमा बसली होती. दर गुरुवारी येते तशी. आज यादी दिल्लीला जाणार हे तिला कळलं होतं.

चौसष्ट.

प्रणिताताईंनी खुर्ची मागे सरकवली. "चाळीस लोकं सुटतात सर. याला काढलं तर चाळीस लोकं सुटतात, ठेवलं तर एकही नाही." मग स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाल्या, "तिला काय सांगू मी?"

"कारणं बघू या का?" मी म्हणालो. कारणं काय असणार ते मला बहुधा ठाऊक होतं. बहुधा हा शब्दही मी स्वतःला सवलत म्हणूनच वापरतो आहे.

सतराव्या पडछायेची कारणपट्टी उघडली. सगळ्यांत वर, सगळ्यांत जाड अक्षरांत: वय १९. सार्वजनिक संस्थेच्या मालमत्तेचा अपहार. त्याखाली बारीक अक्षरांत पुढचं सगळं: वय २१, चौकशीसाठी ताब्यात, सोडले. वय २२, ताब्यात, सोडले. वय २४. वय २७. प्रत्येक ओळीतून एक रेघ निघून वरच्या जाड ओळीला जोडलेली होती. पहिली नोंद ज्या वयात होते त्यावर पुढचा सगळा अंदाज उभा राहतो, हे यंत्राने दीड कोटी खटल्यांवरून शिकलेलं होतं.

"तक्रारदार, ग्रंथपाल, सार्वजनिक ग्रंथालय, सातपिंपरी," प्रणिताताईंनी वाचलं. मग खुर्ची वळवली. "सर, तेव्हा तिथे कोण होतं?"

"मी."

*

मी त्यांना उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं.

आमचं ग्रंथालय 'ब' वर्गात होतं. 'अ' वर्ग मिळाला की सरकारी अनुदान वाढतं. त्यासाठी तपासणी असते, आणि तपासणीत दाखलखात्यातलं प्रत्येक पुस्तक जागेवर दिसावं लागतं. एक पुस्तक सापडत नव्हतं. विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं, जाडजूड, आकृत्यांचं. हरवलेलं पुस्तक खात्यातून कमी करायचं तर आमच्या समितीला पोलीस ठाण्याची नोंद लागायची. नोंद म्हणजे निव्वळ कागद, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. मी ठाण्यात गेलो. तिथल्या तेव्हाच्या जमादाराने विचारलं, शेवटी कोणाकडे होतं? दोन नावं होती. एक मानसिंग डाबेराव, बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा पोरगा, मोटारी शिकण्यासाठी ते पुस्तक तीनदा नेलेला. दुसरा आमच्या समितीच्या अध्यक्षांचा मुलगा.

"आणि तुम्ही एकच सांगितलं," प्रणिताताई म्हणाल्या.

"हो."

"कोणतं, ते विचारत नाही."

जातीचा रकाना यंत्रात नव्हता. तो मी माझ्या तोंडाने भरून दिला होता.

"पुस्तक?" त्यांनी विचारलं.

"जूनमध्ये सापडलं. गॅझेटियरच्या मागे. मीच चुकीच्या जागी लावलं होतं. परतीचा शिक्का होता त्यावर, माझ्याच हातचा. तोपर्यंत 'अ' वर्ग मिळाला होता." थांबावंसं वाटत होतं, पण थांबलो नाही. "मी ते रद्दीत दिलं. एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत मी दुसरं कुठलंही पुस्तक रद्दीत दिलेलं नाही. आणि त्याआधीच त्याचं पत्र आलं होतं. पुस्तक परत केलं आहे, तुम्हीच शिक्का मारला, पोलीस घरी येतात, एकदा ठाण्यात येऊन सांगा, असं."

दारात हालचाल झाली. रेशमा कधी आत येऊन उभी राहिली होती, कळलं नाही. अंगाने बारीक, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

"तुमीच का ते लायब्ररीवाले सर?"

मी मान हलवली.

"त्या पुस्तकापायी त्याचं दुकान सुटलं. रिवाइंडिंगच्या दुकानात लागला होता ना तो. मालक म्हने, तुह्या नावानं ठान्यात नोंद हाय, मोटारी माह्या जातीन." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मंग कुटी बी मोटर गेली का पोलिसाची गाडी आमच्याच बेड्यावर. माह्याच दारात. आन् तो अजून काय म्हंते, ठावं हाय का तुमाले? म्हंते, सर चांगले मानूस होते, इसरले असतीन."

मी विसरलो नव्हतो. हे मी मोठ्याने म्हटलं की मनात, ते आता सांगता येत नाही.

*

अर्जात नोंद दुरुस्तीचा एक रकाना आहे. तक्रारदाराने स्वतः, आपली तक्रार खोटी होती असा जबाब ठाण्यात दिला, तर जुनी नोंद त्याच क्षणी गोठते, म्हणजे पुढे मोजली जात नाही. दोन क्रमांक भरावे लागतात. एक त्या जबाबाचा, आणि दुसरा, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला टपालाने लेखी कळवल्याच्या पावतीचा. कैद्याकडे फोन नसतो, म्हणून नियम करणाऱ्यांनी टपाल ठेवलं होतं. खोटी तक्रार हा अर्थात गुन्हा आहे. तो आता तक्रारदारावर लागतो, आणि असा माणूस अर्जदार संस्थेत राहू शकत नाही.

"एक चाचणी राहिली," प्रणिताताई म्हणाल्या. "दुरुस्ती 'प्रस्तावित' म्हणून टाकून पाहते. तक्रारदार तयार आहे, असं लिहू ना?"

"लिहा."

बारा मिनिटं गेली. पडद्यावर तीन ओळी आल्या.

दुरुस्ती झाल्यास फलांक: एकाहत्तर.

दुरुस्ती होण्याची शक्यता: चार टक्के.

ग्राह्य फलांक: बावन्न पूर्णांक आठ.

आधी मला पहिलीच ओळ दिसली. एकाहत्तर. ती एक जाड ओळ काढली की मानसिंगची पडछाया उणे बारावरून अधिक सातवर गेली होती. यादीतल्या सगळ्यांत वर. प्रतिजिल्ह्यात तो दुकान टाकत होता. यादीतल्या सहा जणांना शिकवत होता. त्यांना तारखेला सोबत घेऊन जात होता. हजारातल्या नऊशेवीस वेळा.

मग चार टक्के दिसले.

"चार कसले?" रेशमाने विचारलं.

प्रणिताताईंनी कारणपट्टी उघडली. या वेळी ती माझी होती. तेरा लाखांत मीही एक पडछाया आहे, हे मला इतक्या दिवसांत कधी सुचलंच नव्हतं. तक्रारदार, वय ६९. ठाण्याच्या जुन्या वह्या यंत्रात चढवल्यानंतर दर वर्षी मला एक सूचना यायची, आपली तक्रार कायम ठेवायची की मागे घ्यायची? सूचना: सात. उत्तरं: शून्य. सभेत बोलल्याची नोंद: नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज: नाही. ग्राहक म्हणून तक्रार: नाही. शेजाऱ्याविरुद्ध: नाही. आयुष्यात दिलेल्या एकूण तक्रारी: एक.

त्या गार खोलीत हजार वेळा मी केंद्रातून ठाण्याकडे निघालो होतो, आणि नऊशेसाठ वेळा पोचलो नव्हतो.

"यंत्राला तुमच्यावर विश्वास नाही सर," प्रणिताताई म्हणाल्या.

"त्याचं बरोबर आहे. मी तरी कुठे..."

"ते सोडा!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज कोर्टातल्यासारखा आला. "दोन्ही क्रमांक खरे भरले की शक्यतेचा प्रश्नच उरत नाही. मग एकाहत्तर. आता दीड वाजला. मी पावणेपाचपर्यंत थांबते. पावणेपाचला क्रमांक आले नाही तर सतरा काढून अर्ज पाठवते. मला चाळीस जणांकडे पाहावं लागते."

"बरोबर आहे."

"बरोबर आहे, बरोबर आहे काय करता? जा ना!"

रेशमा दारातून बाजूला झाली. मला वाट दिली. एवढंच.

*

ठाणं केंद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मला पस्तीस लागली. वाटेत मी दोनदा वळलो. एकदा घरी जाऊन त्याचं पत्र आणावं असं वाटलं, पुरावा म्हणून. एकदा पाणी प्यायला हॉटेलात शिरलो आणि तिथला पेपर हातात घेतला. पेपर हातात आला की मी वाचतो. दुसऱ्या पानावर आलो तेव्हा लक्षात आलं की नऊशेसाठांपैकी काही वेळा मी इथेच, याच पानावर असणार.

जमादार इंगळे टेबलामागे होते. पन्नाशीचे, मिशा पिकलेल्या. त्यांची मुलगी एके काळी आमच्या ग्रंथालयात यायची, त्यामुळे ते मला ओळखत होते.

"या सर, या. आज इकडं कसे? पाकीट हरवलं का?"

"जबाब द्यायचा आहे."

"ठाणेदार साहेब जेवाले गेले. बसा."

"किती वेळ लागेल?"

"जेवन हाय सर, रेल्वे थोडीच हाय टायमावर चालाले." ते हसले. "कोणाविरुद्ध हाय?"

"माझ्याविरुद्ध."

"तुमच्याविरुद्ध कोनं देल्ली तक्रार?"

"मीच देणार आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सांगितलं. या वेळी बसून सांगितलं, त्यामुळे फार अडखळलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. आवाज खाली आणला.

"सर, मी काय म्हंतो. अकरा वर्सं झाले. एका पुस्तकाची गोष्ट. आता तुम्ही हे लिहून देता म्हंता, मंग मले तुमच्यावर लावा लागन ना कलम. या वयात कोर्टात चकरा मारान का? पेन्शनचं लफडं होईन ते वेगळंच." त्यांना खरंच माझी काळजी वाटत होती. "एक काम करा. घरी जा, आराम करा, सोमवारी या. साहेबाशी बोलून काई ना काई मार्ग काढू. चहा सांगू?"

मी उठलो.

हे लिहायला लाज वाटते, पण मी उठलो. सोमवार हा शब्द इतका थंड आणि सावलीचा वाटला की पाय आपोआप सरळ झाले. सोमवारी मी नक्की आलो असतो, असंही मला वाटलं. चार टक्के म्हणजे काय, ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. मला कोणी अडवलेलं नव्हतं. एका भल्या माणसाने मला चहा विचारला होता.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

"जमादार," मी उभ्यानेच म्हणालो, "मी बसलो की मला बोलता येत नाही. मी उभा राहतो. तुम्ही लिहा."

"साहेबाले येऊ द्या ना..."

"साहेब आल्यावर सही करतील. तुम्ही लिहायला घ्या."

मी कुणाला कधी असं बोललो नव्हतो. त्यांनाही ते कळलं असावं, कारण ते आणखी काही म्हणाले नाहीत. कागद ओढला. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. नाव, वय, हुद्दा, तारीख. शेवटी ते थांबले. "त्या टायमाले दुसरं नाव होतं म्हंता. ते लिहू?"

अध्यक्षांचा मुलगा आता जिल्हा परिषदेत आहे.

"लिहा," मी म्हणालो. "पुस्तक त्यानंही नेलेलं होतं, चोरलं त्यानंही नाही. पण मी त्याचं नाव लपवलं, हे लिहा."

माझ्या आयुष्यातला प्रत्येक कागद मी चार वेळा लिहिला आहे. हा एकदाच लिहिला गेला, तोही दुसऱ्याच्या अक्षरात. ठाणेदार साडेतीनला आले. वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग सही केली, आणि जबाब यंत्रात चढवायला वेळ लागला. क्रमांक हातात आला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नोटीस घरी येईल, गाव सोडून जाऊ नका, असं त्यांनी सांगितलं. गाव सोडून मी कुठे जाणार होतो?

*

टपाल कचेरी रस्त्यापलीकडे आहे. खिडकीवर एकच बाई होत्या आणि माझ्यापुढे दोघं जण. मी बाजूच्या उंच टेबलाशी गेलो. जबाबाची प्रत माझ्याकडे होती, पण पत्र नव्हतं. ते अकरा वर्षांपासून नव्हतंच. चार वाजून अठरा मिनिटं.

मायना लिहिला: श्री. मानसिंग डाबेराव यांस.

त्यापुढे मला पुष्कळ लिहायचं होतं. गेल्या अकरा वर्षांत मी त्याची वाक्यं मनात जुळवली होती, त्यातली काही चांगलीही होती. त्यांतलं एकही आठवेना. जे आलं ते असं:

"पुस्तक तुम्ही परत केलं होतं. शिक्का मी मारला होता. जून महिन्यात ते मला सापडलं आणि मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही म्हणता तसा मी विसरलो नव्हतो. तुमचं पत्रही मिळालं होतं. आज ठाण्यात हे सगळं लिहून दिलं आहे, प्रत सोबत जोडली आहे. तुमचं नाव यादीत आहे आणि ते राहावं अशी खटपट आज चालली आहे. माझ्यामुळे गेलेली वर्षं यातून परत मिळत नाहीत, हे मला कळतं. हे पत्र वाचून तुम्हाला राग आला तर तो योग्य आहे."

खाली सही केली. पूर्ण नाव लिहिलं, श्रीधर महादेव लांजेवार, नुसती आद्याक्षरं नाहीत. पाकिटावर मध्यवर्ती कारागृहाचा पत्ता घातला.

खिडकीशी पोचलो तेव्हा चार पस्तीस. बाईंनी पाकीट तोललं, पत्ता यंत्रात भरला, पावती फाडून दिली. मी तिथेच फोन लावला आणि प्रणिताताईंना दोन्ही क्रमांक वाचून दाखवले. दुसरा तेरा अक्षरांचा होता. त्यांनी प्रत्येक आकडा परत म्हटला. मग कळा दाबल्याचा आवाज आला.

"दोन्ही रकाने हिरवे झाले," त्या म्हणाल्या. "एक्केचाळीस नावांनी पाठवते आहे. एकच मिनिट... गेलं. गेलं सर."

मागून रेशमाचा आवाज आला, काहीतरी विचारत होती. प्रणिताताईंनी तिला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. मग त्या फोनवर म्हणाल्या, "उद्यापासून तुम्हाला केंद्रात..."

"माहीत आहे," मी म्हणालो. "दाखले निळ्या फायलीत आहेत. तारखांची वही तुमच्या खणात."

फोन ठेवला. खिडकीतल्या बाई पाकीट हातात धरून माझ्याकडेच बघत होत्या.

"काका, पोचपावती पाहिजे का? त्याची सही होऊन तुमच्याकडे परत येते."

"तो सही करेल की नाही, सांगता येत नाही."

"मंग तसं लिहून येते. घेतलं नाही म्हणून. काई ना काई येतेच."

मला इतक्या वर्षांत हे ठाऊक नव्हतं. मी पोचपावतीचा कागद मागून घेतला आणि त्यावर माझा पत्ता स्वच्छ अक्षरात लिहिला. बाईंनी तो पाकिटाला चिकटवला, शिक्का मारला, आणि पत्र मागच्या पोत्यात टाकलं.